आईची हाडं ठिसूळ झालीत म्हणे. डेक्सा, पॅकेज की गोळ्या? (बजेट ४०००, कृपया वाचा)

माणदेशी_लेक
नमस्कार मंडळी. आई ६६ वर्षांची, बाबांबरोबर गावी असते, आटपाडीजवळ. दिवाळीनंतर अंगण झाडताना पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडलं. आता प्लास्टर निघालंय, हात बरा आहे. डॉक्टर म्हणाले, "हाडं ठिसूळ झाली असणार, जमलं तर डेक्सा (हाडांची घनता मोजायची तपासणी) करून घ्या," आणि कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. पाळी ४३व्या वर्षीच गेली होती. थायरॉइडची गोळी रोज सकाळी असते आणि पित्तावर पँटोप्राझोल, ती तर कित्येक वर्षं चालू आहे.
मी पुण्यात. या महिन्यात माझ्याकडे ४००० आहेत, वर एक रुपया नाही. त्यात डेक्सा करावी, एका लॅबचं फुल बॉडी पॅकेज घ्यावं, की सरळ चांगलं कॅल्शियम आणावं? अनुभव असणाऱ्यांनीच सांगा.

सुगरण_काकू
अगं, लॅब कसली करतेस! डिंकाचे लाडू कर. डिंक तुपात फुलवायचा, खारीक पूड, सुकं खोबरं, अळीव, खसखस, गूळ. मी ७१ वर्षांची आहे, एक हाड मोडलेलं नाही. पाचवारी नेसून जिना चढते. आमच्या सुना तिशीत कंबर धरून बसतात.

टेक्सासकर
इथे आईला वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक ॲसिडची (हाडांची झीज रोखणाऱ्या औषधाची) सलाईन देतात. १५-२० मिनिटांचं काम. इन्शुरन्समध्ये बसलं. घरी व्हायब्रेशन प्लेटपण घेतली आहे, रोज १० मिनिटं उभी राहते. भारतात ३०-३५ हजारांत मिळेल. आईच्या तब्येतीपुढे बजेटचं काय एवढं?

माणदेशी_लेक
@टेक्सासकर, बजेट शीर्षकात लिहिलंय.

अण्णा_डोंबिवली
गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यातून. रोज. खर्च शून्य. माझ्या मातोश्री ९१व्या वर्षी गेल्या, शेवटपर्यंत स्वतःचं पाणी स्वतः काढत होत्या. यावर डॉक्टर लोक बोलणार नाहीत, कारण त्यांचा धंदा बुडतो.

निवृत्त_सिस्टर
अण्णा, हिशोब करू. गव्हाचा दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा. तेवढा चुना अगदी कोरडा धरला तरी त्यात कॅल्शियम २० मिलिग्रॅमच्या आसपास. पाळी गेलेल्या बाईला आयसीएमआरच्या शिफारशीप्रमाणे रोज १२०० लागतं. उरलेलं कुठून आणणार? आणि ज्यांना "दाण्याएवढा"चा "बोटभर" झाला, त्यांचे भाजलेले घसे मी वॉर्डात पाहिलेत.

माणदेशी, तुझ्या प्रश्नाकडे येते. उभ्या उंचीवरून पडून, तेही अंगण झाडताना, पन्नाशीनंतर मनगट मोडणं याला नुसती घसरगुंडी समजू नकोस. हाड आतून पोकळ होतंय, त्याची ही पहिली चिठ्ठी. मनगट आधी मोडतं, मणके आणि खुबा नंतर. त्यात पाळी ४३ला गेलेली. पाळी गेल्यावर पहिली पाच-सात वर्षं हाडांची झीज सगळ्यात वेगानं होते, आणि तुझ्या आईची ती वर्षं लवकर सुरू झाली.

पॅकेज घेऊ नकोस. त्यात साठ-सत्तर रक्ततपासण्या असतात, डेक्सा बहुतेक वेळा नसतेच. डेक्सा कंबरेचे मणके आणि खुबा दोन्हीची कर. सुई नाही, बोगदा नाही, झोपून १०-१५ मिनिटं. त्यात टी-स्कोअर येतो, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेत आपलं हाड किती भरीव. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ मधलं हाड विरळ, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे ठिसूळ हाडं. पण आईचं हाड आधीच मोडलंय, त्यामुळे स्कोअर मधला आला तरी औषधाचं डॉक्टरांना विचारायचंच.

रानफूल
सिस्टर +१. आमच्या सोसायटीत फुकट शिबिर होतं, टाचेला मशीन लावलं, उणे ३ आलं! रात्रभर झोप नाही. मग डेक्सा केली तर उणे १.४.

निवृत्त_सिस्टर
टाचेचं मशीन अल्ट्रासाउंडचं असतं. चाळण म्हणून ठीक. त्यावर औषध सुरू करत नाहीत.

अण्णा_डोंबिवली
म्हणजे मशीन खोटं, चुना खोटा, खरी फक्त अडीच हजारांची डेक्सा.

मिस्टर_फिट
वय ५८, रोज ५४ सूर्यनमस्कार आणि १२००० पावलं. काकूंना सूर्यनमस्कार सुरू करायला सांगा, वर्षात फरक दिसेल. सकाळी ७ च्या कोवळ्या उन्हात केले की ड जीवनसत्त्व आपोआप.

फिजिओ_नाशिक
थांबा! मणके ठिसूळ असताना पुढे वाकून हात जमिनीला टेकवायचे व्यायाम करायचे नाहीत. मणका पुढच्या बाजूनं दबून मोडू शकतो, आणि बाईला वाटतं नुसती उसण भरली. पश्चिमोत्तानासनही नको. जमिनीवरची बादली कंबरेतून वाकून उचलायची नाही. चालणं चांगलं, पण नुसतं चालून भागत नाही. ओट्याला धरून टाचा वर-खाली करणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं, ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं. तोल सुधारला की पडणं कमी.
उन्हाचं: सात वाजताच्या तिरप्या उन्हात ड जीवनसत्त्व करणारे किरण जवळजवळ नसतात. सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन लागतं, म्हणजे साधारण ११ ते २. काचेमागे बसून उपयोग नाही.

मिस्टर_फिट
माझा अनुभव वेगळा आहे. माझं ड जीवनसत्त्व ४१ आहे.

फिजिओ_नाशिक
अभिनंदन.

कोकणकडा
लाडू-बिडू ठीक आहे, पण मासे कोणी बोलतच नाही. मांदेली कुरकुरीत तळून काट्यासकट खायची. सुकट, जवळा. काट्यातच सगळं कॅल्शियम आहे. आमच्याकडे म्हाताऱ्या पडतात आणि उठून चालायला लागतात.

सुगरण_काकू
आटपाडीत मांदेली कुठून आणणार? शिवाय आई माळकरी असेल तर?

कोकणकडा
सुकट कुठेही मिळते. आणि माळकरी आहे असं धागाकर्तीनं कुठे लिहिलंय?

सुगरण_काकू
नाहीही लिहिलेलं. विचारावं आधी.

(यापुढचे माशांवरचे ११ प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. – संपादक)

गोदाकाठ
माझा प्रश्न याच विषयातला आहे म्हणून इथेच विचारतो. मी बीड जिल्ह्यातला. चुलती ऊसतोडीला जायची. तिशीतच पिशवी काढली. पाळीचे खाडे नकोत, मुकादम दंड लावतो, म्हणून त्या वस्तीत कित्येक बायांनी काढली. २०१९ मध्ये यावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली होती, तेव्हा पेपरात आलं. आता चुलती ४९ची आहे, पाठ दुखते, उंची कमी झाल्यासारखी दिसते. याचा हाडांशी संबंध असतो का?

निवृत्त_सिस्टर
असतो. पिशवीबरोबर अंडाशयही काढली असतील तर त्याच दिवशी पाळी जाण्याचं वय सुरू होतं. इस्ट्रोजेन संपलं की हाडं झिजायला लागतात, आणि ते तिशीत झालं असेल तर पुढची वीस वर्षं तशीच गेली. नुसती पिशवी काढली असली तरी पाळी थोडी लवकर जाऊ शकते. ऑपरेशनचा जुना कागद असेल तर काय काय काढलं ते बघा. उंची कमी होणं आणि पाठदुखी असेल तर आधी पाठीचा एक्स-रे, कारण दबलेले मणके साध्या एक्स-रेत दिसतात. जिल्हा रुग्णालयात होईल. त्यांना ओझं उचलू देऊ नका.

गोदाकाठ
कागद कुठला मिळायला. एक्स-रे काढतो. धन्यवाद ताई.

पुणेरी_टोमणा
अवांतर: हाडांसाठी गादी कोणती चांगली? मेमरी फोम की कापूस? आम्ही २८ हजारांची घेतली आणि बायको जमिनीवर झोपते.

रानफूल
ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्यांबद्दल सावध. माझ्या सासूबाईंना आठवड्याला एक लिहून दिली होती. त्यांना गुण वाटला म्हणून रोज एक घ्यायला लागल्या, आम्हाला पत्ताच नाही. उलट्या, भ्रम, रक्तातलं कॅल्शियम वाढलं, किडनीवर ताण. ॲडमिट करावं लागलं.

टेक्सासकर
परत सांगतो, सलाईन बेस्ट. वर्षभराची कटकट नाही. दुसऱ्या दिवशी ताप-अंगदुखी येते, पॅरासिटामॉल घ्यायची, झालं.

वाचनमात्र
सलाईन वेगळी, सहा महिन्यांचं इंजेक्शन वेगळं, गल्लत करू नका. मावशीला डेनोसुमॅब चालू होतं, दर सहा महिन्यांनी. दोन घेतली, बरं वाटलं, महाग पडतं म्हणून बंद केलं. कोणाला विचारलं नाही. वर्षाच्या आत तीन मणके दबले. नंतर कळलं, ते मध्येच सोडायचं नसतं, सोडायचं तर लगेच दुसरं औषध लावतात.

निवृत्त_सिस्टर
अगदी बरोबर. आणि सलाईन असो की गोळी, आधी दात बघून घ्यायचे. काढायचा दात असेल तर आधी काढायचा. किडनीसाठी क्रिएटिनिनची रक्ततपासणीही लागते.
स्वस्तातला पर्याय आठवड्याच्या गोळीचा आहे, अलेन्ड्रोनेट ७० मिलिग्रॅम, पण ती उठल्याबरोबर रिकाम्या पोटी ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. अन्ननलिकेचा त्रास असणाऱ्यांना देत नाहीत. माणदेशी, आईचं "पित्त" म्हणजे नक्की काय, हे डॉक्टरांना सांग.

आणि कॅल्शियम. पाकिटावर कार्बोनेट लिहिलंय की सायट्रेट, बघ. कार्बोनेट पचायला पोटात आम्ल लागतं, आणि पँटोप्राझोल तेच कमी करते. अशा वेळी सायट्रेट बरं. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. थायरॉइडच्या गोळीत आणि कॅल्शियममध्ये चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉइडची गोळी वाया जाते. म्हणजे सकाळी थायरॉइड, दुपारी जेवताना कॅल्शियम. जनौषधीत विचार. आणि ती पँटोप्राझोल इतकी वर्षं का चालू आहे, हेही कुणीतरी एकदा विचारायला हवं.

सुगरण_काकू
एवढ्या गोळ्यांपेक्षा नाचणीची भाकरी काय वाईट?

निवृत्त_सिस्टर
काही वाईट नाही काकू. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. भाकरी, दोन वाट्या दही-ताक, तिळाची चटणी, राजगिऱ्याची भाजी असं रोज खाल्लं तर गोळी कमी लागेल. पण खाण्यानं मोडायच्या बेताला आलेलं हाड परत भरत नाही.

अण्णा_डोंबिवली
तिळात चुन्याचाच अंश असतो. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

रानफूल
आईला पुण्याला आण, डेक्सा करून टाक, २०००-२५०० मध्ये होईल. बाकीच्या पैशांत सायट्रेट. विषय संपला.

वाचनमात्र
+१. आधी डेक्सा.

फिजिओ_नाशिक
+१

माणदेशी_लेक
सगळ्यांचे आभार. आई पुण्याला यायला तयार नाही, म्हशीला कोण बघणार म्हणते. मी गावी जाऊन आले. संडास परसात आहे, दोन पायऱ्या उतरून, आणि त्या वाटेवरचा बल्ब गेलेला. रात्री ती दोनदा उठते, हातात मोबाइलची बॅटरी, पायात बाबांची झिजलेली चप्पल. हे बघितल्यावर मी डेक्सा पुढे ढकलली. ४००० तिथेच घातले. न्हाणीत आणि संडासात स्टीलचे बार, पायरीला कठडा, दोन एलईडी दिवे, मागं पट्टा असलेली चप्पल. न्हाणीच्या दारातलं गोणपाट मी फेकून दिलं. कॅल्शियम दुपारी हलवलं, ते फुकटच झालं.
पुढच्या महिन्यात बाबांना मिरजेला दाखवायचंय, तेव्हा आईची डेक्सा तिथंच.

निवृत्त_सिस्टर
मी असते तर आधी डेक्सा केली असती. एक महिना म्हणता म्हणता सहा होतात. तारीख घेऊन ठेव.

टेक्सासकर
बार आमच्याकडे सार्वजनिक इमारतींतल्या अपंगांसाठीच्या बाथरूममध्ये कोडनुसारच असतात.

पुणेरी_टोमणा
बार बसवायला किती घेतले? आमचा प्लंबर एकाचे ९०० मागतोय, बार वेगळा.

माणदेशी_लेक
गावात गवंड्यानं चार बार आणि कठड्याचे मिळून ७०० घेतले. टॉवेलच्या दांड्या आणू नका, वजन धरत नाहीत, स्क्रूसकट निघून येतात. भिंत जुनी असेल तर लांब अँकर बोल्ट लागतात. आणि बार बसवायच्या आधी आईला तिथं प्रत्यक्ष बसवून-उठवून हात कुठे जातो ते बघा. गवंडी स्वतःच्या उंचीनं खुणा करत होता.