चर्चा: शाळेच्या वाचनालयाने ई-पुस्तकांचे वाचन-आव्हान द्यावे का?

शालेय ग्रंथपाल, परळ
डॉ. कलाम यांच्या जयंतीच्या, म्हणजे १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनापासून बालदिनापर्यंत सहावी ते आठवीच्या मुलांनी ८ ई-पुस्तके वाचावीत, असे आव्हान मी शाळेत सुचवले आहे. कोणी किती वाचली, याची यादी वर्गाच्या फळ्यावर लागेल. कपाटात एखाद्या पुस्तकाची एकच प्रत असली की ६० मुलांच्या वर्गात ५९ जणांना थांबावे लागते. खुल्या परवान्याचे, म्हणजे कोणालाही मोफत वाचता येणारे ई-पुस्तक मात्र सगळा वर्ग एकाच दिवशी वाचायला घेऊ शकतो. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी विनामूल्य मिळतात. शिवाय भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे १९५० साली निवर्तलेल्या साने गुरुजींचे लेखन २०११पासून सर्वांसाठी खुले आहे. पैशाअभावी एकही मूल वाचनाला मुकू नये, असे मला मनापासून वाटते.

पालक, धारावी
बाई, पुस्तक फुकट असले तरी फोन फुकट नाही. आमच्या घरातला एकमेव फोन मुलांच्या वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री दहाला परत येतो. फळ्यावर ज्याचे नाव सर्वांत खाली राहील, तो मुलगा आळशी नाही, त्याच्या घरी फोनच नसतो, हे वर्गाला कोण समजावून सांगणार?

निवृत्त मराठी शिक्षक, गिरगाव
माझा विरोध अधिक मूलभूत आहे. ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणारे जे संशोधन २०१८मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात पडद्यापेक्षा कागदावर वाचलेले अधिक चांगले समजते आणि वेळेचे बंधन असेल तर ही तफावत वाढते, असे आढळले. महिन्याभरात ८ पुस्तकांचा आकडा गाठायचा म्हटल्यावर मुले पाने सरकवतील, वाचणार नाहीत.

महाविद्यालयीन विद्यार्थिनी, विरार
सर, त्याच आढाव्यात निव्वळ कथात्मक मजकुराबाबत असा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे. विरार-चर्चगेट लोकलच्या गर्दीत मी कित्येक कादंबऱ्या फोनवरच वाचल्या आहेत, कारण तिथे पुस्तक उघडण्याइतकी जागाच नसते. ग्रंथपाल बाईंना मात्र एक विनंती आहे. स्कॅन केलेली पीडीएफ लहान पडद्यावर मोठी केली की प्रत्येक ओळ डावीउजवीकडे सरकवत वाचावी लागते आणि मूल दोन पानांतच कंटाळते. ईपब या ई-पुस्तकांच्या फाइल-प्रकारात अक्षर मोठे केले तरी ओळी पडद्याच्या रुंदीत आपोआप बसतात. मुलांना यादी देण्याआधी प्रत्येक पुस्तक साध्या फोनवर उघडून पाहा.

शालेय ग्रंथपाल, परळ
ताई, फळ्यावरच्या नावांचा विचार मी करायला हवा होता. ती यादी आता लागणार नाही. शाळा सुटल्यावर संगणक कक्ष तासभर उघडा ठेवू आणि छापील पुस्तकही आव्हानात धरू. सरांचे आकड्याबद्दलचे म्हणणे मला पटते, म्हणून ८ऐवजी ३ पुस्तके ठेवते, तीही गोष्टींचीच, आणि प्रत्येक मुलाने त्यांपैकी एकाविषयी वर्गात बोलावे. पडदाच नको, हे मात्र मी मान्य करणार नाही. मुले दिवसभर त्यावर असतातच, मग तिथे गोष्ट का नसावी?

निवृत्त मराठी शिक्षक, गिरगाव
गोष्टींपुरते मी मान्य करतो. इतिहास-विज्ञानाची पुस्तके छापीलच द्या, या मतावर मी ठाम आहे.

पालक, धारावी
माझी दोन्ही मुले संगणक कक्षात येतील. संध्याकाळी पाणी भरण्याची वेळ असते, म्हणून शनिवारी सकाळीही कक्ष उघडता आला तर पाहा.