'अर्थराइज'ला मराठीत काय म्हणाल?

रानवाटा: शाळेच्या प्रदर्शनातल्या अंतराळ-फोटोंचे मथळे मराठीत करायचं काम माझ्या गळ्यात आलंय. 'ब्लू मार्बल'ला (अपोलो १७, डिसेंबर १९७२) 'निळी गोटी' लिहून मोकळी झाले. अडलंय ते 'अर्थराइज'पाशी. अपोलो ८ यानातून अंतराळवीर बिल अँडर्स यांनी २४ डिसेंबर १९६८ ला टिपलेला, चंद्राच्या कडेवर पृथ्वी दिसते तो फोटो. 'पृथ्वीचा उदय' लिहिलं, तर आमचे सर म्हणतात, पृथ्वी जन्माला आली असं वाटतं.

पंचांगवाले तात्या: सरळ संधी आहे. पृथ्वी + उदय = पृथ्व्युदय. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ सगळे बघतात, तेव्हा कुणाला चंद्राचा जन्म आठवतो का?

ओली भेळ: पृथ्व्युदय! सहावीतल्या पोरांचे दात पडतील, तात्या. भू + उदय = भूदय करा.

पंचांगवाले तात्या: भूदय म्हणजे 'हृदय' चुकीचं छापलंय असं वाटेल. धरोदय घ्या.

ओली भेळ: ही पतसंस्था कुठे आहे?

वऱ्हाडी ठेचा: आमच्याकडं चांद निघते. 'पृथ्वी निघाली' लिवा.

ओली भेळ: कुठे निघाली? एसटी स्टँडवर?

दुर्बीणवाला: मुळात उदय झालाच नव्हता हो. चंद्राची एकच बाजू कायम आपल्याकडे असते. त्यामुळे चंद्रावर एका जागी उभं राहिलात तर पृथ्वी आकाशात जवळजवळ तिथल्या तिथेच दिसते. यान चंद्राभोवती चौथी फेरी घालत होतं, म्हणून ती कडेआडून वर आली. अँडर्सनी आधी कृष्णधवल फोटो काढला, मग घाईघाईने रंगीत फिल्म मागून घेतली. बरं, त्यांना चंद्राची कड उभी दिसत होती, पृथ्वी बाजूला. छापताना फोटो आडवा फिरवला, तेव्हा कुठे तो 'उदय' झाला.

पंचांगवाले तात्या: सूर्य तरी कुठे उगवतो? पृथ्वी फिरते. म्हणून सूर्योदय शब्द काढून टाकायचा काय?

मालवणी मसालो: आमच्या आजयेच्या तोंडात 'उदेलो' असायचा. 'चंद्राच्या क्षितिजावर उदेली पृथ्वी' लिवा. गोड वाटता.

पंचांगवाले तात्या: 'उदेली' छान, पण क्षितिज कसं चालेल? क्षिती म्हणजे पृथ्वी, क्षितिज म्हणजे पृथ्वीपासून झालेलं. चंद्रावर क्षितिज असूच शकत नाही.

दुर्बीणवाला: मग 'भूगर्भशास्त्र' चंद्रावरच्या खडकांना लावायचं नाही का? या न्यायाने तेलसुद्धा फक्त तिळाचंच म्हणावं लागेल.

पंचांगवाले तात्या: तेल रुळलं म्हणून बोलत नाही. ज्याची व्युत्पत्ती अजून डोळ्यांना दिसते तो शब्द तरी जपून वापरा. 'चंद्राची कड' म्हणा, मराठी आहे.

रानवाटा: मंडळी, बोर्ड उद्या लागायचाय. 'चंद्राआडून वर आलेली पृथ्वी' चालेल का?

ओली भेळ: चालेल, पण तुम्ही वर 'अंतराळ-फोटो' म्हणालात. अवकाश हवं ना? अंतराळ म्हणजे देवळात गाभारा आणि सभामंडप यांच्या मधली जागा.

पंचांगवाले तात्या: बरोब्बर! मूळ अर्थच 'मधली जागा'. उलट अवकाश म्हणजे सवड. 'अजून अवकाश आहे' म्हणतो आपण.

दुर्बीणवाला: मग 'अंतराळवीर' म्हणजे गाभाऱ्याबाहेर ताटकळणारा भाविक?

वऱ्हाडी ठेचा: दर्शनाची लाईन पाहिली की तो वीरच वाटते.