उष्माग्राही म्हणजे गरम की गार?

प्रश्न : मुलगी दहावीला आहे. काल तिने विचारलं, "आई, उष्माग्राही म्हणजे उष्मा घेणारी अभिक्रिया ना? मग उष्मा घेतल्यावर भांडं गरम व्हायला हवं, गार कसं पडतं?" मला नीट सांगता आलं नाही. शिवाय खरा शब्द उष्मा की ऊष्मा?

प्रतिसाद : ताई, लेकीने नेमकं बोट ठेवलंय. रोजच्या बोलण्यात 'उष्मा वाढलाय' म्हणजे उकाडा. त्यामुळे शब्दात उष्मा ऐकला की आपल्याला गरमच वाटतं. पण 'ग्राही'कडे बघा. गुणग्राही माणूस गुण घेतो ते दुसऱ्याचे. तशी ही अभिक्रिया उष्मा घेते ती भोवतालच्या पाण्याची, भांड्याची, आपल्या हाताची. देणारे आपण, म्हणून गार आपल्याला लागतं. कल्हईवाले वापरतात तो नवसागर पेलाभर पाण्यात ढवळून बघा, पेला हाताला गार लागेल.

संस्कृतात ऊष्मन् आणि उष्मन् दोन्ही आहेत. मराठीत उष्माघात लिहितो, तसंच उष्मादायी, उष्माग्राही. हिंदीत ऊष्माक्षेपी आणि ऊष्माशोषी म्हणतात. मला आपला 'ग्राही' जास्त पटतो. 'शोषी' म्हटलं की फडक्यात पाणी मुरावं तशी उष्णता आत जशीच्या तशी साठल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात ती पदार्थाचे कण एकमेकांना धरून ठेवणारे बंध तोडण्यात खर्ची पडते.

आणखी एक प्रतिसाद : उदाहरण चांगलं आहे, पण नवसागर नुसता विरघळतो, त्याचा नवा पदार्थ होत नाही. मुलीला चुना सांगा. चुनाभट्टीत चुनखडी साधारण 900 अंशांवर भाजतात. 100 ग्रॅम चुनखडी फुटून 56 ग्रॅम कळीचा चुना व्हायला सुमारे 178 किलोजूल लागतात. ही उष्माग्राही. आग विझली की काम थांबलं.

त्याच कळीवर पाणी घातलं की चर्र आवाज होतो, कळी फुगते, तडकते, वाफ येते, बादलीला हात लाववत नाही. इथे सुमारे 65 किलोजूल बाहेर येतात. ही उष्मादायी. (हे लांबूनच बघावं, चुना डोळ्यात उडाला तर फार इजा होते.)

उरलेले 113 कुठे गेले? विरलेला चुना भिंतीला लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत पुन्हा चुनखडी होतो, तेव्हा तेही बाहेर पडतात. फक्त इतके हळूहळू, की भिंतीला हात लावून काही कळत नाही.

मूळ प्रश्नकर्ती : 65 आणि 113, बरोबर 178! मुलीने वहीत बेरीज मांडली. ती आता विचारतेय की भिंत उष्मादायी म्हणायची का.

प्रतिसाद : भिंत नाही, भिंतीवर चाललेली अभिक्रिया. विशेषण तिचं.