मदत हवी आहे: पीएस५ (प्लेस्टेशन ५) चं सबस्क्रिप्शन घेता येत नाहीये, कार्ड सारखं नाकारतंय

कासारवडवलीकर
नमस्कार मंडळी, जरा पटकन सांगा कोणीतरी. लेकासाठी पीएस५ आणलाय, त्याला मित्रांबरोबर ऑनलाईन खेळायचंय, दुकानदार म्हणाला त्याचं सबस्क्रिप्शन, प्लेस्टेशन प्लस, घ्यावं लागेल, म्हटलं ठीक आहे घेऊ, पण शनिवारपासून कार्ड टाकतोय आणि दर वेळेला नाकारतंय. माझं टाकलं, बायकोचं टाकलं, क्रेडिट टाकलं, डेबिट टाकलं. खात्यात पैसे आहेत, लिमिट आहे, त्याच कार्डावर काल किराणा भरलाय. बँकेला फोन केला तर म्हणे आमच्याकडे रिक्वेस्टच आली नाही. आणि प्लसमधला प्रीमियम प्लॅन घेऊ की त्याच्या खालचा, तेही कळत नाहीये. उद्या संध्याकाळी त्याचे मित्र घरी येणारेत आणि ह्याने सगळ्यांना सांगून ठेवलंय. कृपया "मुलांना गेम कशाला देता" हे नको, ते आई रोज ऐकवते.

नेरूळचा_बंड्या
कार्डावर ऑनलाईन आणि इंटरनॅशनल दोन्ही चालू आहे का? आरबीआयच्या २०२० च्या नियमापासून नवीन कार्डावर हे बंदच येतं, आपण ॲपमध्ये जाऊन चालू करावं लागतं. किराणा भरला म्हणजे काही सिद्ध होत नाही, ते मशीनवर स्वाइप केलं असणार.

कासारवडवलीकर
चालू आहे हो. तेच पहिलं बघितलं.

पाचपाखाडीचे अण्णा
हा ऑटोपेमेंटचा घोळ आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून दर महिन्याला आपोआप पैसे कापायचे असतील तर आधी एकदा ओटीपी देऊन मँडेट (आपोआप कापायची परवानगी) करावा लागतो आणि प्रत्येक वेळेला कापायच्या २४ तास आधी बँकेने कळवायचं असतं. तेव्हा ओटीपीशिवाय ५००० पर्यंत चालायचं, २०२२ मध्ये ते १५,००० केलं. त्या ऑक्टोबरात माझी विम्यापासून पेपरापर्यंत सगळी ऑटोपेमेंटं एकदम लटकली होती, बँकेत विचारलं तर काउंटरवरची मुलगी मलाच विचारते काका मँडेट म्हणजे काय. तुमच्या बँकेने मँडेटची सोय प्लेस्टेशनच्या ऑनलाईन स्टोअरसाठी केलीच नसेल. चेकबुक घेऊन प्रत्यक्ष शाखेत जा.

नेरूळचा_बंड्या
अण्णा, चेकबुक कशाला 😂

पाचपाखाडीचे अण्णा
सही जुळवायला लागते. असू दे बरोबर.

जॉयस्टिक_७८
दादा पीएस५ घेतलात तिथेच गडबड झाली. घरात बरा लॅपटॉप असेल तर पीसी गेम पास (मायक्रोसॉफ्टचं सबस्क्रिप्शन) घ्या, ढिगाने गेम, ईए कंपनीचं ईए प्ले त्यातच येतं, आणि पीसीवर ऑनलाईन खेळायला वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. मी २०१९ पासून आहे, एकही गेम विकत घेतलेला नाही. तुमच्या मुलाला कोणता गेम खेळायचाय?

डिस्कवाला
जॉयस्टिकराव तुमच्या गेम पासचा भाव सांगा ना त्यांना. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यातला सगळ्यात वरचा प्लॅन अल्टिमेट अमेरिकेत महिन्याला १९.९९ वरून २९.९९ डॉलर केला एका फटक्यात, आपल्याकडेही वाढवलाच. २०१७ मध्ये साधा गेम पास आला तेव्हा ९.९९ होता. आधी स्वस्तात सवय लावायची आणि मग दोरी आवळायची, हाच धंदा आहे सगळ्यांचा. कासारवडवलीकर, ऐका माझं, डिस्क घ्या. सेकंडहँड घ्या, खेळा, विका. ठाणे स्टेशनच्या बाहेर दोन-तीन दुकानं आहेत, थोडे पैसे घालून बदलून देतात. मी असे वर्षानुवर्षं गेम फिरवतोय.

कासारवडवलीकर
डिस्क जायला जागाच नाहीये याला. गेमचं नंतर बघू, आधी पैसे कसे भरायचे सांगा.

डिस्कवाला
अरेरे, डिजिटल घेतला म्हणजे. स्लिम असेल तर वेगळा ड्राइव्ह मिळतो, बाजूचं झाकण काढून बसवायचा, पहिल्यांदा बसवताना नेट लागतं. पहिला जाडा डिजिटल असेल तर विसरा.

जॉयस्टिक_७८
हो वाढवला अल्टिमेट, मी कुठे नाही म्हणतोय. पण पीसी गेम पास वेगळा प्लॅन आहे. आणि तुमच्या डिस्कचं कौतुक पुरे. त्यातले अर्धे गेम डिस्क टाकल्यावर चाळीस-पन्नास जीबी डाउनलोडच करायला लावतात.

डिस्कवाला
पण गेम माझा असतो. तुमचा नसतो. जीटीए ५ जानेवारी २०२० मध्ये गेम पासवर आला आणि मे महिन्यात काढला, मग परत आला, परत काढला. अर्ध्यात असताना गेला म्हणजे बसा. युबिसॉफ्ट या गेम कंपनीच्या सबस्क्रिप्शनवाल्या साहेबांनी जानेवारी २०२४ मध्ये उघड सांगितलं की खेळणाऱ्यांनी गेम मालकीचे नसण्याची सवय करून घ्यायला हवी, तेव्हाच हे प्लॅन वाढतील.

मनाली_ऐरोली
डिस्कवाला दादा, त्याच युबिसॉफ्टने मार्च २०२४ मध्ये द क्रू हा गेम बंद केला, तो डिस्कवरही विकला होता. सर्व्हर गेला आणि डिस्क चहाचा कप ठेवायला उरली. त्यावरूनच ती स्टॉप किलिंग गेम्स मोहीम सुरू झाली, युरोपात १० लाखांवर सह्या झाल्या जुलै २०२५ पर्यंत. डिस्क आहे म्हणजे गेम आपला हे आता सगळीकडे खरं नाही.

डिस्कवाला
तो ऑनलाईन गेम होता, ते वेगळं.

मनाली_ऐरोली
एकट्याने खेळायची स्टोरी पण होती त्यात. तीही गेली.

पाचपाखाडीचे अण्णा
मला एक कळत नाही, यात रागावण्यासारखं काय आहे. आमच्या ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, तिथे वर्गणी भरतो, पुस्तक आणतो, वाचून परत करतो. पुस्तक माझं झालं असं मला कधी वाटलं नाही. महिन्याला शंभर गेम चाळायला मिळत असतील आणि मुलगा प्रत्येक गेम आठ दिवसांत टाकून देत असेल तर वर्गणीच परवडते.

डिस्कवाला
अण्णा, ग्रंथपाल रात्री घरी येऊन अर्धं वाचलेलं पुस्तक काढून नेत नाही.

पाचपाखाडीचे अण्णा
मुदत संपली की पत्र मात्र यायचं. आणि दंड.

नेरूळचा_बंड्या
धागा कुठे चाललाय. काका, एरर काय येतोय तो फोटो काढून टाका किंवा टाइप करा. "नाकारतंय" वर कोणी काय सांगणार?

कासारवडवलीकर
एरर असा काही नाही, कार्डाची माहिती तपासा एवढंच इंग्रजीत येतं. पत्ता भरायला लागतो तिथे ठाणे टाकतोय तर झिप कोड चुकीचा म्हणतंय, मग दुकानदाराने सांगितलेला टाकला तर पुढे जातं आणि मग नाकारतं. प्रीमियम १८ डॉलरच्या आसपास आहे महिन्याला, म्हणजे दीड हजाराच्या पुढे, एवढं असतं का खरंच?

मनाली_ऐरोली
एक मिनिट.

डॉलर??

काका तुम्हाला किंमत डॉलरमध्ये दिसतेय आणि प्लॅनचं नाव प्रीमियम दिसतंय? भारताच्या स्टोअरवर प्रीमियम नाहीच. जून २०२२ मध्ये पीएस नाऊ (प्लेस्टेशनची स्ट्रीमिंग सेवा) आणि जुनं प्लस एकत्र करून तीन पायऱ्या केल्या ना, तेव्हा जिथे क्लाउड स्ट्रीमिंग (डाउनलोड न करता नेटवरून गेम चालवणं) होतं तिथे वरच्या पायरीला प्रीमियम म्हटलं आणि जिथे नव्हतं तिथे डीलक्स दिला. आपल्याकडे इसेन्शियल, एक्स्ट्रा, डीलक्स. सुरुवातीचे दर महिन्याला ४९९, ७४९, ८४९ रुपये असे होते, नंतर बदललेत, आजचे स्टोअरवर बघा, पण असतात रुपयात. तुमचं अकाउंट अमेरिकेचं केलंय कोणीतरी. अकाउंट कोणी बनवलं?

कासारवडवलीकर
दुकानदारानेच बनवून दिलं, घरी जाऊन नुसतं सुरू करा म्हणाला. पिन कोड त्याने सांगितलेला पाचच आकडी आहे, मला वाटलं तसंच असेल.

मनाली_ऐरोली
झालं. पाच आकडी म्हणजे अमेरिकेचा झिप. काही दुकानदार असं करतात, तिकडचे सेल मिळतात म्हणून, आणि मग डॉलरचे व्हाउचर पण तेच विकतात वर पैसे घेऊन. अमेरिकेच्या अकाउंटला भारतीय कार्ड चालत नाही, म्हणून तर तुमच्या बँकेपर्यंत काही पोचलंच नाही. बँकेची चूक नाही यात. आणि देश नंतर बदलता येत नाही, सेटिंगमध्ये शोधत बसू नका. नवीन अकाउंट काढायचं, देश भारत, तुमच्या नावाने, तुमच्या खऱ्या जन्मतारखेने. मग त्याच्याखाली फॅमिलीमध्ये मुलाचं अकाउंट जोडा. प्लस तुमच्या अकाउंटवर घ्या आणि कॉन्सोल शेअरिंग चालू ठेवा, म्हणजे त्याच पीएस५ वर मुलाच्या अकाउंटलाही ऑनलाईन मिळतं, दोनदा घ्यायची गरज नाही.

नेरूळचा_बंड्या
मनालीताई _/\_ हे मला सुचलंच नसतं. तरी कार्ड नको वाटलं तर ऑनलाईन शॉपिंगवर प्लेस्टेशनचे वॉलेट कोड (आधी पैसे भरलेले व्हाउचर) मिळतात, फक्त भारताचाच घ्या, डॉलरचा कोड भारताच्या अकाउंटला लागत नाही. कोड टाकलात की ऑटोपेमेंटची कटकटच नाही.

पाचपाखाडीचे अण्णा
म्हणजे शाखेत जायला नको?

नेरूळचा_बंड्या
नको अण्णा.

जॉयस्टिक_७८
मी मघापासून विचारतोय, कोणता गेम खेळायचाय? त्यावर सगळं आहे. कोणीच विचारत नाहीये आणि तुम्ही सांगत नाही आहात.

कासारवडवलीकर
अहो तो काय सारखा तोच खेळतो, फोर्टनाईट. मित्र पण तेच खेळतात. आणि सुट्टीत फुटबॉलचा घेऊन देतो म्हटलंय. त्याने काय फरक पडतो?

जॉयस्टिक_७८
फोर्टनाईटला प्लस लागतच नाही 🤦 फुकटात मिळणारे जे ऑनलाईन गेम आहेत, फोर्टनाईट, अ‍ॅपेक्स, रॉकेट लीग वगैरे, त्यांना पीएस५ वर ऑनलाईन खेळायला सबस्क्रिप्शन नको. प्लस लागतं विकत घेतलेल्या गेमच्या ऑनलाईनला. फुटबॉलचा ईए एफसी घेतलात की लागेल, आणि तेव्हाही सगळ्यात खालचं इसेन्शियल पुरे. एक्स्ट्रा म्हणजे वर गेमचा कॅटलॉग, डझनावारी गेम खेळणार असेल तरच. तुमचा मुलगा एकच गेम खेळतो, त्याला कॅटलॉग देऊन तो उघडणारही नाही.

कासारवडवलीकर
मग दुकानदार का म्हणाला घ्यावंच लागेल?

डिस्कवाला
आता हे पण विचारायचं का

मनाली_ऐरोली
फोर्टनाईटबद्दल एक लक्षात ठेवा, नवीन अकाउंट काढल्यावर त्याची आतापर्यंतची स्किन (गेममधले पोशाख) वगैरे गायब झाली म्हणून रडेल. ते सगळं पीएसएनवर (प्लेस्टेशनच्या अकाउंटवर) नाही, फोर्टनाईट बनवणाऱ्या एपिक कंपनीच्या अकाउंटवर असतं. म्हणून आधी एपिकच्या साइटवर जाऊन त्याचा ईमेल पासवर्ड आहे का बघा, जुनं पीएसएन काढून नवीन जोडायच्या अटी वाचा, मगच पुढे. घाईत "नवीन सुरू करा" दाबू नका. आणि मुलाचं वय खरं टाकलंत तर व्हॉइस चॅट आणि खरेदी बंद दिसेल, ती बिघाड नाही, पालकांनी परवानगी द्यावी लागते. एपिकवर वेगळी आणि प्लेस्टेशनवर वेगळी. उद्या संध्याकाळी पोरं येऊन बसल्यावर हे करायला घेतलंत तर हाल होतील, आजच करा.

कासारवडवलीकर
धन्यवाद मनालीताई, करतोय आत्ता. एपिकचा ईमेल त्याच्या मावसभावाचा निघाला, त्याला फोन लावलाय, तो खारघरला असतो, उचलत नाहीये. बाकी मुलगा आत्ता मागे उभा राहून वाचत होता, म्हणतो बाबा प्लस नकोच होतं मला, मी क्रू म्हणत होतो. हे काय असतं?

जॉयस्टिक_७८
फोर्टनाईट क्रू. डिसेंबर २०२० पासून आहे. तेही महिन्याचं सबस्क्रिप्शनच, गेम फुकट असला तरी. बॅटल पास (खेळून मिळवायची हंगामाची बक्षिसं), दर महिन्याला एक पोशाख, थोडे व्ही-बक्स (गेममधले पैसे). ज्याने त्याला हे सांगितलं त्याच्याकडे आहे हे नक्की.

डिस्कवाला
घ्या. फुकट गेमला पण वर्गणी.

मनाली_ऐरोली
घ्यायचंच असेल तर एक महिना घ्या आणि घेतल्या घेतल्या ऑटो रिन्यू बंद करा, महिना संपेपर्यंत चालू राहतं. आणि नवीन अकाउंट नीट लागल्याशिवाय अमेरिकेच्या अकाउंटवरून काहीही विकत घेऊ नका.

कासारवडवलीकर
त्याला सांगितलं परीक्षेनंतर बघू. फुटबॉलच्या वेळेला इसेन्शियल घेईन एका महिन्याचं. मावसभावाने फोन उचलला, पासवर्ड त्यालाही आठवत नाहीये, रिसेटचा मेल गेलाय म्हणतो.

पाचपाखाडीचे अण्णा
मुलं कुठून येणारेत उद्या? वाशीकडून येत असतील तर गाडीने आणू नका, ट्रान्स-हार्बरने ठाण्याला उतरवा. घोडबंदरला संध्याकाळी सहानंतर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

कासारवडवलीकर
सगळी आमच्याच सोसायटीतली आहेत अण्णा.

ठाणे_वेस्ट_२२
धागा वाचला, छान माहिती. कोणाकडे जुना पीएस३ चा रिमोट आहे का विकायला? डावी काडी चालणारी हवी.