विषय: जानेवारीतील सेव्हन सिस्टर्सची पायी फेरी

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार,

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ससेक्समधील एका स्थानिक रॅम्बलर्स (पायी भटकंती करणाऱ्यांच्या) गटाने जानेवारीतील एका रविवारी एक्सीटपासून ईस्टबोर्नपर्यंत, म्हणजे सेव्हन सिस्टर्स आणि बीची हेड या समुद्रकाठच्या पांढऱ्या खडूच्या खडकाच्या कड्यांच्या माथ्यावरून, सुमारे 13 किलोमीटरची पायी फेरी ठरवली असून आपल्या मंडळींनाही अगत्याने बोलावले आहे. माझे सासरे सध्या पुण्याहून आमच्याकडे आले आहेत आणि या वयातही ते नियमितपणे सिंहगड चढतात. तरीही इथल्या ऐन थंडीत, समुद्रावरच्या वाऱ्यात त्यांना न्यावे की उन्हाळ्यापर्यंत थांबावे, याबद्दल अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

आपली,
क्रॉयडन येथील एक सभासद

---

सप्रेम नमस्कार,

सिंहगड चढणाऱ्या गृहस्थांना ही वाट निश्चितच झेपेल, आणि माझे स्पष्ट मत असे की त्यांना हिवाळ्यातच न्यावे. उन्हाळ्यात या कड्यांवर इतकी गर्दी असते की चालण्यापेक्षा थांबणेच अधिक होते. जानेवारीत सूर्य दिवसभर दक्षिणेला, क्षितिजापासून फारसा वर न येता फिरतो आणि त्या तिरप्या उन्हात खडूचे कडे जसे उजळतात, तसे जूनमध्ये कधीच दिसत नाहीत. वाटेच्या सुरुवातीला ककमियर नदीच्या ओल्या कुरणांत ‘विजन’ (wigeon) जातीच्या बदकांचे थवे उतरलेले असतात. ही बदके हिवाळ्यात भारतातही येत असल्यामुळे आपल्या सासऱ्यांना कदाचित ती ओळखीची वाटतील.

खरा प्रश्न थंडीचा नसून उजेडाचा आहे. जानेवारीच्या मध्यावर तिथे सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. डोंगरात चालणारे लोक साधारणपणे पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास धरतात. हा हिशेब स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांनी 1892 मध्ये मांडला आणि तो आजही उपयोगी पडतो. या वाटेवर सात टेकड्या आणि शेवटी 162 मीटर उंचीचा बीची हेड मिळून चारशे-पाचशे मीटर चढ होतो, म्हणजे नुसत्या चालण्याला साडेतीन तास लागतात. त्यात जेवण, छायाचित्रे आणि हळू चालणाऱ्यांसाठी थांबणे धरले तर पाच तास हवेतच. आणखी पश्चिमेकडच्या सीफर्डपासून निघाल्यास अंतर 20 किलोमीटरच्या पुढे जाते आणि लंडनहून सकाळी येणाऱ्यांना अंधाराच्या आत पोहोचणे कठीण होते, म्हणून गटाने एक्सीटपासूनची वाट निवडली, हे मला फार योग्य वाटते. दिशाही विचारपूर्वक ठरवलेली आहे. या किनाऱ्यावर वारा बहुधा नैर्ऋत्येकडून वाहतो, त्यामुळे पूर्वेकडे चालणाऱ्याला तो पाठीवर मिळतो. उलट दिशेने गेल्यास तोच वारा दिवसभर तोंडावर घ्यावा लागतो.

एका बाबतीत मात्र कोणतीही सवलत नको. कड्याच्या काठावरचे गवत भक्कम दिसते, परंतु त्याखालचा खडू लाटांनी पोखरलेला असू शकतो. पावसाचे पाणी भेगांत शिरते, थंडीत गोठून फुगते आणि म्हणूनच हिवाळ्यात दरडी अधिक कोसळतात. हा किनारा किती वेगाने मागे सरकतो, याचा पुरावा वाटेतच उभा आहे: 1832 मध्ये बांधलेले बेल टूट दीपगृह कड्यासह समुद्रात जाऊ नये म्हणून 1999 मध्ये ती संपूर्ण इमारत उचलून 17 मीटर आत सरकवण्यात आली. तेव्हा छायाचित्रासाठीही काठापासून निदान पाच-सहा मीटर दूर राहावे, आणि मुलांचा हात सोडू नये.

आपण स्वतंत्रपणे न जाता या गटाबरोबरच जावे, असे मी आग्रहाने सुचवतो. पुढे वाट दाखवणारा आणि सर्वांत मागे राहून कोणी सुटले नाही ना हे पाहणारा, असे दोघे जण त्यांच्याकडे नेमलेले असतात आणि ते हे काम विनामोबदला करतात. शिवाय ज्या गवताळ माथ्यावरून आपण चालणार, त्यातील क्राउलिंकचा भाग 1920 च्या दशकात घरबांधणीच्या तावडीतून लोकवर्गणीने सोडवलेला आहे. पायवाटांसाठी असे झटणाऱ्या लोकांची परंपरा हे गट चालवतात, आणि त्यांच्याशी आपल्या मंडळाची ओळख व्हावी, असे मला मनापासून वाटते.

आपला,
ब्रायटन येथील एक जुना सभासद

---

नमस्कार,

वरील पत्रातील प्रत्येक मुद्द्याशी मी सहमत आहे. केवळ दोन गोष्टी जोडते. ककमियरच्या मुखापासून सेव्हन सिस्टर्सच्या पूर्व टोकाच्या बर्लिंग गॅपपर्यंत खालून, वाळू-गोट्यांच्या किनाऱ्याने जाण्याचा मोह कोणी धरू नये, कारण मधे वर चढण्यासाठी एकही वाट नाही आणि भरती आली की माणूस कडा आणि पाणी यांच्यामध्ये अडकतो. दुसरे म्हणजे ओला खडू साबणासारखा निसरडा होतो, त्यामुळे खोल खाचांच्या तळव्यांचे बूट आणि ज्येष्ठांसाठी काठी अत्यावश्यक समजावी.

बर्लिंग गॅप येथे नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेचे उपाहारगृह आहे, तरीही थर्मासमधून चहा न्यावा. संक्रांत जवळ असल्याने तिळाच्या वड्या मी सर्वांसाठी, गटातील यजमानांसाठीही, घेऊन येईन. एक्सीटला सीफर्डहून 12 क्रमांकाची बस मिळते आणि परतीला ईस्टबोर्नहून लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकाची थेट गाडी असते. रविवारी रेल्वेमार्गाच्या दुरुस्तीची कामे अनेकदा निघतात, म्हणून प्रत्येकाने शनिवारी रात्री वेळापत्रक पुन्हा पाहावे आणि आपण कोणत्या गाडीने येणार ते या यादीवर कळवावे.

आपली,
लुईस येथील सभासद