कुत्र्याची किडनी अचानक निकामी, सलाईन चालू पण लघवी कमी

प्रश्न: वजन २० किलो, क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढणारा घटक) ६.८, उलट्या. सलाईन वाढवायला सांगावं का?

उत्तर १: थांबा, आधी लघवी मोजा. कॅथेटर (लघवीची नळी) लावून, दर तासाला. सलाईनवर असूनही किलोमागे तासाला १ मिलीपेक्षा कमी, म्हणजे तुमच्याकडे २० मिलीच्या खाली असेल, तर जादा पाणी फुप्फुसात साचतं. दिवसातून दोनतीनदा वजन करा. वजन चढतंय आणि श्वास जलद झालाय, तर डॉक्टरांना लगेच सांगा. पोटॅशियम आजच तपासा, फार वाढलं तर हृदय थांबतं.

उत्तर २: कारण शोधलं का? द्राक्षं, बेदाणे किंवा आयबुप्रोफेन (माणसांची वेदनाशामक गोळी) खाल्ली का? लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, लघवीतून पसरणारा जिवाणूंचा आजार) शंका असेल तर रिपोर्टची वाट न पाहता अँटिबायोटिक सुरू करतात. लघवी हाताळताना हातमोजे घालाच, माणसालाही लागण होते.

उत्तर ३: लघवी बंदच झाली तर डायलिसिसची चौकशी आजच करा.