मदत हवी आहे: राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेच्या प्रमाणपत्रावरचं नाव दुरुस्त कुठं होतं?

नमस्कार मंडळी. माझी भाची कोल्हापूरची, जलतरणपटू. २०२५ च्या उत्तराखंडमधल्या ३८व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत ती हल्द्वानीला महाराष्ट्राकडून उतरली होती. आता सरकारी नोकरीच्या ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी प्रमाणपत्र पडताळणीला द्यायचंय, आणि तिथंच घोळ झालाय.

तिच्या नावात इंग्रजीत डबल ई आहे, प्रमाणपत्रावर आय छापलाय. चूक आमचीच. प्रवेशिका मीच मोबाईलवर गडबडीत भरली होती, त्यामुळे कुणाला बोल लावायला तोंड नाही. लॅमिनेशन केलेलं नाही, मूळ कागद तसाच आहे.

भारतीय ऑलिंपिक संघटनेला दोन ईमेल केले, आधार आणि दहावीची गुणपत्रिका जोडून. उत्तर नाही. फोनवर एकानं सांगितलं, "यजमान राज्याला विचारा." पण स्पर्धा १४ फेब्रुवारीलाच संपली, ध्वज पुढच्या यजमानाकडं, मेघालयाकडं गेला. संघटना कायम असते, यजमान मात्र दर वेळी नवा. मग जुन्या यजमानाचं दप्तर कोण सांभाळतं?

गॅझेट करा असं कृपया सुचवू नका. बाकी सगळ्या कागदांवर नाव बरोबर आहे. या एका अक्षरासाठी ते बदलायचं म्हणजे रेड्यापेक्षा दावं जड. डेहराडूनची वारीही सध्या जमणार नाही, तिची परीक्षा तोंडावर आहे.

आधीच्या गोवा किंवा गुजरातच्या स्पर्धेवेळी कुणाचं असं झालं असेल तर सांगा: दुरुस्त प्रमाणपत्र नेमकं कुणाकडून मिळालं? की पडताळणीला नुसतं प्रतिज्ञापत्र चाललं?